मास्तरांची आरंभीची शिल्लक



गेल्या फाल्गुनात कुरुंद्याला जाण्याचा योग आला. हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यातील हे गाव माझ्या मावसभावाचे. हळद काढून शिजवण्याचे दिवस होते. शिवारात ठिकठिकाणी धूर दिसत होता, मोकळ्या जागांवर शिजवलेली हळद वाळत पडली होती आणि गावात शिरताच तिचा उग्र, ओलसर वास आला. टोकाईचा गड तेवढा नेहमीसारखा स्वस्थ उभा होता.

मावसभावाचे गावात किराणा आणि बी-बियाण्यांचे दुकान आहे. ही त्यांची तिसरी पिढी. त्याने मला मुद्दाम बोलावून घेतले होते. फोनवर म्हणाला होता, "दादा, तुमचं ती ऐकते. एकदा येऊन समजावून सांगा."

समजावून सांगायचे होते त्याच्या कन्येला. मुलगी बी.एस्सी., बी.एड. झालेली. एका खाजगी शाळेत तुटपुंज्या मानधनावर शिकवते आणि पवित्र पोर्टलवरच्या निवड यादीची वाट पाहते. वडिलांचे म्हणणे असे, की एवढे शिकून महिन्याकाठी हातात जे पडते, तेवढे दुकानातील हमालही मिळवतो. मुलीने बँकेच्या परीक्षा द्याव्यात, नाहीतर दुकानाचा संगणकावरील हिशेब आणि जीएसटीची विवरणपत्रे सांभाळावीत. शिवाय स्थळे सांगून येत आहेत आणि 'मुलगी काय करते' या प्रश्नाला 'शाळेत शिकवते' असे उत्तर दिले, की समोरचा माणूस नुसता 'अच्छा' म्हणून पाण्याचा पेला उचलतो.

सूर्यास्तापूर्वी जेवणे उरकली आणि आम्ही ओसरीवर बसलो. मी माझ्या परीने प्रस्तावना केली. मुलीने ती शांतपणे ऐकून घेतली आणि मग म्हणाली, "काका, पगाराचं मी बाबांशी बोललेय. माझी अडचण वेगळीच आहे. माझ्या वर्गातला एक मुलगा माझ्याकडं मान वर करून बघतच नाही."

मुलगा पाचवीतला. गणितात हुशार. दिवाळीनंतर एकाएकी गप्प झाला. फळ्याजवळ बोलावले तरी येईना. पुष्कळ दिवसांनी तिला कारण कळले. त्याच्या वडिलांची दुकानात उधारी होती. मुलगा मीठ-तेल न्यायला आला, तेव्हा आपल्या दुकानाच्या जुन्या रिवाजाप्रमाणे त्याला गल्ल्यावरून सांगण्यात आले होते, "बाबांना सांग, हिशोब करून जा म्हणावं." दुसऱ्या दिवशी तो वर्गात आला, तेव्हा त्याच्यासमोर बाई उभ्या नव्हत्या. गल्ल्यावर बसणाऱ्या शेटजींची मुलगी उभी होती.

"आता सांगा काका," ती म्हणाली, "मी वर्गात जाताना घर बाहेर कसं ठेवून जाऊ?"

मावसभाऊ चटकन म्हणाला, "म्हणजे आता दुकान चालवायचं का शाळा?"

मी त्या रात्री कुणालाच काही समजावून सांगू शकलो नाही. परतीच्या प्रवासात मात्र तिचा प्रश्न मनातून जाईना. आजचा हा लेख म्हणजे तिला द्यायच्या उत्तराची जुळवाजुळव आहे.

बँकेत नव्या वर्षाची खातेवही उघडताना पहिली नोंद आरंभीच्या शिल्लकेची असते. गेल्या वर्षाने जे मागे ठेवले, ते घेऊनच नवे वर्ष सुरू होते. ते नाकारून पान कोरे ठेवता येत नाही. शिक्षक वर्गात पहिले पाऊल टाकतो, तेव्हा त्याचीही अशी एक आरंभीची शिल्लक असते. घर, जात, गाव, भाषा, गरिबी किंवा सुबत्ता, बालपणी मिळालेले शिक्षक आणि झालेले अपमान, हे सारे त्याच्या आधी वर्गात पोहोचलेले असते. त्यांतले काय जमेचे आणि काय देण्याचे, एवढाच काय तो प्रश्न.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी कुरुंद्याहून दूर जाण्याची गरज नाही. या गावाचे नाव महाराष्ट्रभर पोहोचले ते एका शिक्षकाच्या आडनावामुळे. नरहर अंबादास कुरुंदकर यांचे मूळ गाव हेच. त्यांचा जन्म १५ जुलै १९३२ रोजी, याच परिसरातील नांदापूर या आजोळच्या गावी झाला. 'जागर', 'शिवरात्र', 'मागोवा', 'रूपवेध' या ग्रंथांचे लेखक आणि रणजित देसाई यांच्या 'श्रीमान योगी' या कादंबरीला लाभलेल्या प्रदीर्घ प्रस्तावनेचे लेखक म्हणून वाचक त्यांना ओळखतात. नांदेडचे लोक मात्र त्यांना आजही 'गुरुजी' म्हणूनच आठवतात, आणि ते योग्यच आहे. त्यांची उपजीविका शिक्षकाची होती. आरंभी प्रतिभा निकेतन या शाळेत शिक्षक, पुढे पीपल्स कॉलेजात मराठीचे प्राध्यापक आणि अखेरीस त्याच महाविद्यालयाचे प्राचार्य. १० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबाद येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा वयाची पन्नाशीही पुरी झालेली नव्हती.

या शिक्षकाची आरंभीची शिल्लक काय होती, ते पाहू.

पहिली नोंद भाषेची. त्यांचे बालपण निजामाच्या संस्थानात गेले. या संस्थानात राज्यकारभाराची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. १९१८ साली हैदराबादेत स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठ तर उर्दू माध्यमाचेच. घरात मराठी, कचेरीत उर्दू, बाजारात दोन्ही आणि हैदराबादेत गेल्यावर तेलुगूही कानावर, अशा वातावरणात ती पिढी वाढली. माझ्या वडिलांच्या पिढीतील अनेक व्यापाऱ्यांच्या जुन्या कागदांवर उर्दू मोहोर दिसे, ती याच काळाची खूण. अशा प्रदेशातील मराठी शिक्षकाला आपली भाषा आपोआप मिळालेली नसते. तिचे स्थान त्याने झगडून मिळवलेले असते. कुरुंदकरांचे मामा डॉ. ना. गो. नांदापूरकर हे हैदराबादेत मराठीचे अध्यापन करीत. मुक्तेश्वर आणि मोरोपंत यांच्या महाभारतांचा तौलनिक अभ्यास करणारे ते विद्वान. भाच्याला त्यांचा सहवास लाभला. ज्या घरात ग्रंथ हीच संपत्ती, त्या घरातून आलेला शिक्षक वर्गात पाठ्यपुस्तकाच्या कुंपणात राहत नाही, याचे नवल वाटू नये.

दुसरी नोंद राजकारणाची. विद्यार्थिदशेतच त्यांनी हैदराबाद मुक्तिसंग्रामात भाग घेतला. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले, तेव्हा ते अवघ्या सोळा वर्षांचे होते. हुकमत कशी असते, हे त्यांनी कोवळ्या वयात पाहिले होते. पुढे ज्या पीपल्स कॉलेजात त्यांनी हयात घालवली, त्याच्या स्थापनेमागे त्या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांचीच प्रेरणा होती. स्वामीजी स्वतः आधी हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिक्षक होते. मराठवाड्यात शिक्षक आणि स्वातंत्र्यसैनिक ही दोन वेगळी माणसे नव्हती, हे ध्यानात घेतले म्हणजे तेथील जुन्या शिक्षकांच्या आवाजातील कणखरपणा कोठून आला, ते कळते.

तिसरी नोंद मला सर्वांत मोलाची वाटते, आणि ती अपयशाची आहे. एवढा हा प्रकांड वाचक. पण महाविद्यालयाच्या इंटरच्या परीक्षेत त्याला एकाहून अधिक वेळा अपयश आले. पदवी हाती येण्याआधी ते शाळेत शिकवू लागले होते. पदव्या नंतर मिळाल्या. परीक्षेत नापास होणे आणि विषय न समजणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्यांना कुणाच्या पुस्तकातून शिकावे लागले नाही. ते स्वतःच्या अंगावरून गेले होते. अशा शिक्षकासमोर जेव्हा एखादा नापास मुलगा उभा राहतो, तेव्हा त्याला तो कसा पाहत असेल, याची कल्पना आपण करू शकतो. आयुष्यात कधीही न हरलेल्या शिक्षकाला ही नजर कमवावी लागते. ज्याने हार पचवली आहे, त्याच्याकडे ती आरंभापासून असते.

येथपर्यंत सारे जमेच्या बाजूचे झाले. पण कुरुंदकर ज्या ब्राह्मण घरात जन्मले, त्या घराचा परंपरेने आलेला वारसाही त्यांच्या खात्यावर होताच. त्याचे त्यांनी काय केले? मनुस्मृतीची चिकित्सा करणारे पुस्तक त्यांच्या नावावर आहे. ज्या ग्रंथाने आपल्या पूर्वजांना उच्चासन दिले, त्याच ग्रंथाला त्यांनी प्रश्न विचारले. आपली पार्श्वभूमी त्यांनी लपवली नाही, तिचा अभिमानही मिरवला नाही. तिची तपासणी केली. बँकेच्या भाषेत सांगायचे, तर त्यांनी स्वतःचे लेखापरीक्षण स्वतःच केले आणि आक्षेपही स्वतःच नोंदवले. घरातून काय आणले यावर कुणाचा इलाज नसतो. आणलेल्याचे काय करायचे, ते मात्र शिक्षकाच्या हाती असते.

आपल्या समाजाशी जवळचे असे आणखी एक उदाहरण घेतो. कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूरजवळील कुंभोज येथे जैन कुटुंबात झाला. शालेय शिक्षण मॅट्रिकपर्यंतही पुरे झाले नाही. साताऱ्यात शिकवण्या घेत, तेव्हा लोक त्यांना 'पाटील मास्तर' म्हणत. पुढे ओगल्यांच्या काचकारखान्याचा माल आणि किर्लोस्करांचे नांगर विकत ते गावोगाव फिरले. म्हणजे आपल्यासारखेच, विक्रीच्या धंद्यातले. खेड्यांतील दैन्य त्यांनी पाहिले ते विक्रेत्याच्या पायांनी चालून. १९१९ साली कराडजवळच्या काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि 'कमवा व शिका' ही योजना राबवली. श्रमाला मोल असते आणि फुकट मिळालेल्याची किंमत राहत नाही, हा धडा ज्याने बाजारात गिरवला, त्यालाच अशी योजना सुचावी, हे मला स्वाभाविक वाटते.

त्यांच्याही खात्यात एक कटू नोंद होती, आणि ती सांगताना आपण संकोच करू नये. कोल्हापुरात ते जैन बोर्डिंगमध्ये राहत. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले आणि परत आल्यावर स्नान करण्यास त्यांनी नकार दिला. त्यापायी त्यांना ते बोर्डिंग सोडावे लागले. पुढे १९२४ साली साताऱ्यात त्यांनी स्वतःचे वसतिगृह काढले, तेव्हा त्यात सर्व जातिधर्मांची मुले एका पंक्तीत बसली. एका वसतिगृहाचे दार बंद झाले, त्यातूनच दुसऱ्याचे दार सर्वांसाठी उघडले. आपल्याला जे मिळाले त्याने माणूस घडतो, आणि जे नाकारले गेले त्यानेही घडतो.

साने गुरुजींचे उदाहरण तर घरोघरी ठाऊक आहे. १९२४ साली ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले आणि छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. मुलांच्या खोल्या झाडणारा, त्यांचे कपडे धुणारा हा शिक्षक कोकणातील पालगडच्या एका दरिद्री झालेल्या घरातून आला होता, आणि आईला लवकर मुकला होता. आईने जे आपल्याला दिले, ते ज्या मुलांच्या जवळ आई नाही त्यांना द्यायचे, एवढे साधे त्यांचे अध्यापनशास्त्र होते. १९३० साली सत्याग्रहासाठी त्यांनी नोकरी सोडली. म्हणजे जेमतेम सहा वर्षांची त्यांची शिक्षकी. पण महाराष्ट्राने त्यांना 'गुरुजी' हे नाव कायमचे दिले.

आता कुणी म्हणेल, ही थोरामोठ्यांची उदाहरणे झाली. गावातल्या साध्या शिक्षकाचे काय? याविषयी डॅन लॉर्टी नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७५ साली शिक्षकांवरील आपल्या ग्रंथात एक मार्मिक निरीक्षण मांडले. त्याचा आशय असा, की शिक्षक होणारा माणूस या व्यवसायाची उमेदवारी विद्यार्थी म्हणून बाकावर बसल्या बसल्याच सुरू करतो. डॉक्टर होणाऱ्याने शस्त्रक्रिया पाहिलेली नसते, पण शिक्षक होणाऱ्याने शिकवणे मात्र वर्षानुवर्षे पाहिलेले असते. मी आपल्या सवयीप्रमाणे आकडेमोड केली. शाळेची १० वर्षे, वर्षाला सुमारे २०० दिवस, दिवसाला ५ तास धरले, तर १०,००० तास होतात. त्यापुढे बी.एड.ची दोन वर्षे म्हणजे मुद्दलावर थोडेसे व्याज! त्यामुळे शिक्षक गोंधळला, थकला किंवा रागावला, की प्रशिक्षणात शिकवलेली पद्धत बाजूला पडते आणि त्याच्या तोंडून त्याच्या जुन्या मास्तरांचे शब्द बाहेर पडतात. छडी खाल्लेला छडी उगारतो. ज्याच्या खांद्यावर कुणी हात ठेवला होता, त्याचा हात खांद्यावर जातो. पाहताना मुलाला शिक्षकाची कृती दिसते, तिच्यामागचा विचार दिसत नाही. म्हणून जुने जसेच्या तसे उतरते आणि ते का उतरले, याचा शोध सहसा घेतला जात नाही.

माझ्या शालेय जीवनातील दोन शिक्षक मला आठवतात. एक सर वर्गात मला हाक मारीत ती 'काय सावकार' अशी. उत्तर चुकले, की म्हणत, "तुला काय करायचंय शिकून, तराजूच धरायचाय." वर्ग हसे. मीही हसत असे. पुढे कळले, की त्यांच्या वडिलांची जमीन सावकारी कर्जात गेली होती. तो सावकार आमचा कुणी नव्हता. पण त्यांच्या घराची ती जुनी जखम रोज माझ्या बाकापर्यंत येत होती. दुसरे सर विणकर घरातले. कापडाची वीण मोजण्याची त्यांना लहानपणापासून सवय. त्रैराशिकाचे गणित ते ताण्या-बाण्याच्या धाग्यांवरून समजावीत. मी पुढे एम.कॉम. झालो त्याचे निम्मे श्रेय त्या धाग्यांना आहे. दोघांच्याही घराने त्यांना वर्गात सोबत केली. एकाने ती ओळखली, दुसऱ्याला ती कळलीच नाही, एवढाच फरक.

पण दुसऱ्यांचे हिशोब तपासणाऱ्याने आपलेही खाते उघडे करावे. बँकेतील नोकरीच्या मधल्या काळात काही वर्षे मी नव्या कर्मचाऱ्यांना शिकवण्याचे काम केले. कर्जाचा विषय माझ्या आवडीचा. मी रंगात येऊन सांगत असे, की कर्ज म्हणजे पत. ज्याला कर्ज मिळते त्याची बाजारात इज्जत असते. भांडवल दुसऱ्याचे आणि मेहनत आपली, हाच व्यापाराचा पाया. आमच्या घरात हेच ऐकत मी वाढलो होतो. एका तुकडीत एक तरुण होता. अल्पभूधारक शेतकऱ्याचा मुलगा. चाचणीत त्याने याच प्रकरणात कमी गुण मिळवले. मी त्याला बोलावून विचारले, तेव्हा तो बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "साहेब, आमच्या घरी कर्ज हा शब्द मोठ्यानं काढत नाहीत."

मी चूक काहीच सांगितले नव्हते. पण माझ्या घरातला अर्थ हा साऱ्या जगाचा अर्थ समजून मी शिकवत होतो. मला कर्ज म्हणताच वडिलांची वाढलेली पेढी दिसे, त्याला दारात उभा राहिलेला वसुलीवाला दिसे. शब्द एकच, पण दोन घरांत त्याची दोन रूपे. आपण अनेकान्ताचे नाव नित्य घेतो. सत्याला अनेक बाजू असतात, हे मला प्रवचनांतून पाठ होते. पण वर्गात उभा राहिल्यावर मी एकाच बाजूने बोलत होतो. त्यानंतर मी पद्धत बदलली. धडा सुरू करण्यापूर्वी विचारू लागलो, 'तुमच्या घरी कर्ज या शब्दाला काय म्हणतात?' पहिला अर्धा तास त्यात जाई, पण उरलेला विषय निम्म्या वेळात समजे.

आता कुरुंद्याच्या ओसरीवरील प्रश्नाकडे परत येतो. घर वर्गाबाहेर कसे ठेवून जावे? माझे उत्तर असे, की ते ठेवता येणार नाही, आणि ठेवण्याचा प्रयत्नही करू नये. घर आत येणारच. ते ओळखीने यावे, चोरपावलांनी येऊ नये, एवढे आपल्या हाती आहे.

व्यापारी घरातील मुलगी वर्गात काय घेऊन जाते, याचा ताळेबंद मी तिला पत्रातून लिहून पाठवला. जमेच्या बाजूला पुष्कळ आहे. तोंडी हिशोब, टक्केवारी, नफा-तोटा आणि सरळव्याज तिला पुस्तकातून समजावे लागत नाही. हळदीची पोती काट्यावर चढताना तिने पाहिली आहेत. ओली हळद वाळल्यावर वजन किती उतरते, हे गणित कुरुंद्यातील प्रत्येक मुलाच्या अंगणात मांडलेले असते. दहा वेळा माल पाहून काही न घेता जाणाऱ्या गिऱ्हाईकालाही हसून निरोप देण्याची सवय तिच्या घरात आहे, आणि मंदगतीने शिकणाऱ्या मुलाशी वागताना हीच सवय सर्वांत उपयोगी पडते. शब्द दिला तर पाळायचा, ही बाजाराची शिस्त आहे. मुलांनाही तीच हवी असते.

देण्याच्या बाजूलाही नोंदी आहेत. प्रत्येक गोष्टीत परतावा पाहण्याची सवय हुशार मुलाकडे अधिक वेळा पाहायला लावते, कारण तेथे निकाल लवकर दिसतो. आपले आणि परके हा भेद घरातच बालपणी शिकवला जातो. आणि कोणाच्या घरची बाकी किती, हे ठाऊक असणे तर सर्वांत जड. ज्याच्या वडिलांची उधारी आपल्याला माहीत आहे, त्या मुलाशी वागताना नजरेत नकळत कीव येते किंवा तुसडेपणा येतो. मुलांना दोन्ही कळतात. हे मनात येणार नाही असे नाही, पण आले की ओळखायचे, हाच इलाज.

मावसभावाशीही मी बोललो. त्याला शिक्षणाचे तत्त्वज्ञान सांगण्यात अर्थ नव्हता, म्हणून धंद्याच्या भाषेत बोललो. म्हणालो, "अरे, उधारी बापाची आणि निरोप पोराजवळ, हा कुठला व्यवहार? मी बँकेत इतकी वर्षे वसुली केली. ज्याची सही, त्यालाच नोटीस. आपल्या खातेवहीत त्या मुलाचं नाव आहे का?" तो काही वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "आमच्या आजोबांपासून असंच चालत आलंय, दादा." मी म्हणालो, "तेच तर सांगतोय. ती शाळेत आणि तू दुकानात, दोघंही आजोबांच्या वेळचं काहीतरी चालवताय. तिनं ते ओळखलं, आता तू ओळख."

चैत्रात महावीर जयंतीच्या सुमारास त्याचा फोन आला. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. हळदीचे भाव, उन्हाचा तडाखा. शेवटी ठेवता ठेवता म्हणाला, "लहान पोरांजवळ निरोप द्यायचं बंद केलंय. गल्ल्यावरच्या पोरालाही सांगून ठेवलंय." मुलीच्या नोकरीविषयी तो काही बोलला नाही. मीही विचारले नाही. वसुलीत आणि माणसांत एका वेळी एकच हप्ता मागावा, हे मी नोकरीत शिकलो आहे. मुलीचा निरोप मात्र वेगळा आला होता. तो मुलगा अजून बोलत नाही, पण वजनाच्या गणिताला परवा हात वर केला.

वाचकहो, आता थोडे आपल्या सर्वांविषयी. णमोकार मंत्रात आपण पंचपरमेष्ठींना वंदन करतो. त्यात चौथे वंदन उपाध्यायांना आहे, म्हणजे स्वतः अध्ययन करणाऱ्या आणि इतरांना शिकवणाऱ्या मुनींना. शिकवण्याच्या कार्याला आपल्या परंपरेने केवढे उच्च स्थान दिले, ते आपण रोज सकाळी उच्चारतो. आणि संध्याकाळी मुलगी शिक्षिका होते म्हटले, की 'अच्छा' म्हणून पाण्याचा पेला उचलतो. आपण शाळांना देणग्या देतो, इमारतींवर पूर्वजांची नावे कोरतो, पण त्या इमारतीत उभे राहून शिकवायला आपले मूल पाठवताना हात आखडता घेतो. प्रतिवर्षी आपल्या गुणगौरव समारंभात सनदी लेखापाल, डॉक्टर, अभियंते यांचे सत्कार होतात, आणि ते व्हावेतच. त्या रांगेत गेल्या काही वर्षांत शिक्षक म्हणून रुजू झालेला एखादा तरुण किंवा तरुणी मी पाहिल्याचे आठवत नाही. यंदाच्या समारंभात एक खुर्ची त्यांच्यासाठी ठेवावी, अशी आयोजकांना माझी नम्र विनंती आहे.

पालक म्हणूनही एक गोष्ट आपल्याला करता येईल. मुलांच्या शाळेत गेल्यावर आपण शिक्षकांना मुलाचे गुण विचारतो. कधीतरी त्यांचे गाव विचारावे. ते कुठून आले, कोणत्या शाळेत शिकले, त्यांना कोणी शिकवले, हे विचारावे. आपल्या मुलाचे दिवसातील पाच-सहा तास ज्यांच्या सहवासात जातात, त्यांची आरंभीची शिल्लक आपल्याला ठाऊक असावी. चौकशी म्हणून नव्हे, ओळख म्हणून. विचारणाऱ्या माणसासमोर शिक्षकही स्वतःकडे एकदा नव्याने पाहतो.

कुरुंद्याच्या त्या ओसरीवर माझी समजूत घालण्याची कामगिरी फसली. मुलीला मी शिकवण्यापासून परावृत्त करू शकलो नाही, आणि आता तसे करावे असे वाटतही नाही. तिची निवड यादी लागेल तेव्हा लागेल. कोणत्या जिल्ह्यातील कोणती शाळा वाट्याला येईल, ते सांगता येत नाही. जेथे जाईल तेथे ती कुरुंद्याचे दुकान, हळदीचा काटा आणि पाचवीतील तो न बोलणारा मुलगा, एवढे सोबत घेऊनच जाईल. जमेच्या बाजूला मी ते तिघेही लिहिले आहेत.

जय जिनेंद्र!